७६ गुण आणि ८ कोटी प्रती: 'वी स्पोर्ट्स'चे रिव्ह्यू वाचायचे कसे?



रेटिंगवर कधीही व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझ्या प्रॉडक्टला ३.८ स्टार आहेत. लोक खोड्या काढतायत. प्रॉडक्ट बदलू, किंमत कमी करू, की धंदाच बदलू?" प्रश्न दोन ओळींचा असतो, पण त्याच्यामागे कोणाची तरी साठवलेली रक्कम असते, कोणाचं बचत गटाचं कर्ज असतं. आणि उत्तर देणारे शंभर जण शंभर सल्ले देतात. एक म्हणतो, "ग्राहक देव आहे, तो म्हणेल ते कर." दुसरा म्हणतो, "लोकांचं काय ऐकायचं, लोक बोलतच असतात." दोन्ही सल्ले ऐकायला छान, आणि दोन्ही सल्ल्यांनी माल गोदामात पडून राहू शकतो.

म्हणून आज आपण एक खरी केस बघणार आहोत. ती आपल्या गल्लीतली नाही, जपानच्या एका कंपनीची आहे. पण रिव्ह्यू कसे वाचायचे हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं बसलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

केस आहे निन्टेंडो कंपनीच्या 'वी स्पोर्ट्स' या व्हिडिओ गेमची. तुम्ही गेम खेळत नसाल तरी चालेल. आपला विषय गेम नाही, आपला विषय गिऱ्हाईक आहे.

आधी परिस्थिती समजून घ्या

२००६ साली निन्टेंडो अडचणीच्या जागी उभी होती. घरी टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशिनला कन्सोल म्हणतात. त्या बाजारात सोनीचं प्लेस्टेशन २ राज्य करत होतं. त्याचा खप तोपर्यंत १० कोटींच्या पुढे गेला होता. निन्टेंडोचं त्या काळातलं मशिन म्हणजे गेमक्यूब, आणि त्याचा आयुष्यभराचा खप २ कोटी १७ लाखांच्या आसपास. त्यात मायक्रोसॉफ्टसुद्धा एक्सबॉक्स ३६० घेऊन आधीच उतरलेली.

मोठे दोन स्पर्धक काय विकत होते? ताकद. जास्त वेगवान मशिन, जास्त झकास चित्र. अमेरिकेत नोव्हेंबर २००६मध्ये प्लेस्टेशन ३ आलं ते ५०० आणि ६०० डॉलरला. एक्सबॉक्स ३६० होतं ३०० आणि ४०० डॉलरला. निन्टेंडोचं नवं मशिन 'वी' १९ नोव्हेंबरला आलं, २५० डॉलरला. चित्राच्या बाबतीत ते दोघांच्याही मागे होतं.

मग त्यात वेगळं काय होतं? रिमोट. नेहमीच्या गेमचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा, त्यावर दहा-बारा बटणं आणि दोन दांड्या. ज्याला सवय आहे त्याची बोटं पळतात. ज्याला नाही, तो पहिल्या मिनिटाला हात जोडतो. 'वी'चा कंट्रोलर दिसायला टीव्हीच्या रिमोटसारखा, एका हातात मावणारा. आत एक सेन्सर होता, हात कुठल्या दिशेला आणि किती झटक्यात हलला हे ओळखणारा. टेनिस खेळायचंय? हात रॅकेटसारखा फिरवा. बोलिंग? हात मागे न्या आणि चेंडू सोडल्यासारखं करा. झालं.

हे लोकांना समजावून सांगायला 'वी स्पोर्ट्स' बनवला गेला. त्यात पाच खेळ होते: टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. आणि अमेरिका-युरोपात हा गेम 'वी'च्या खोक्यातच मिळायचा, वेगळे पैसे न देता.

रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी काय म्हटलं?

मेटाक्रिटिक नावाची एक सेवा आहे. ती वेगवेगळ्या समीक्षकांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक सरासरी आकडा काढते. 'वी स्पोर्ट्स'ला तिथे मिळाले ७६. नावाजलेल्या दोन प्रकाशनांपैकी आयजीएननं दहापैकी ७.५ दिले, गेमस्पॉटनं ७.८.

७६ म्हणजे नापास नाही. पण तुलना करून बघा. त्याच दिवशी, त्याच मशिनवर, त्याच कंपनीचा 'झेल्डा'चा नवा गेम आला होता, 'ट्वायलाइट प्रिन्सेस'. त्याला मेटाक्रिटिकवर ९५. म्हणजे समीक्षकांच्या हिशोबानं दुकानातला हिरा 'झेल्डा', आणि 'वी स्पोर्ट्स' हा खोक्यातून फुकट आलेला बरा गेम.

तक्रारी काय होत्या, त्या नीट वाचा. पुढे लागणार आहेत.

एक, चित्र साधं. माणसं बाहुल्यांसारखी, चेंडूसारखे हात असलेली.

दोन, खोली नाही. टेनिसमध्ये तुमचा खेळाडू स्वतःच पळतो, तुम्ही फक्त रॅकेट फिरवायची. बेसबॉलमध्ये बॅटिंग आणि बॉलिंग तुमच्या हातात, फिल्डिंग मशिन करणार, आणि सामना तीन इनिंगचा. गोल्फला फक्त नऊ होल. एखादा संपूर्ण सिझन, स्पर्धा, कप असं काही नाही.

तीन, सेन्सर जितका हुशार वाटतो तितका नाही. टेनिसमध्ये पूर्ण हात फिरवा किंवा सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटका, खेळाडू चेंडू मारतोच. बॉक्सिंगमध्ये उलट त्रास. तुम्ही ठोसा मारता एक आणि पडद्यावर होतं भलतंच.

चार, इंटरनेटवरून दुसऱ्याशी खेळायची सोय नाही.

आणि कौतुक? तेही याच रिव्ह्यूंमध्ये होतं. कोणालाही रिमोट द्या, लगेच खेळायला लागतो. चार माणसं खोलीत असली की मजा येते. बोलिंग तर जवळपास सगळ्यांना आवडलं. आपल्याच चेहऱ्याची बाहुली बनवून खेळता येतं, याचीही गंमत वाटली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. समीक्षकांनी एकही तक्रार खोटी केली नव्हती. चित्र साधंच होतं. गोल्फला नऊच होल होते. बॉक्सिंग खरंच वैताग आणायचं. "समीक्षकांना काही कळलंच नाही" असं सांगणारे बरेच भेटतील, पण ते रिव्ह्यू न वाचता बोलतात. समीक्षकांना दोष दिसले होते आणि गुणही दिसले होते. मग घोळ कुठे आहे?

घोळ आकड्यात आहे

रिव्ह्यूत दोन गोष्टी असतात: मजकूर आणि आकडा. मजकूर सांगतो काय आहे. आकडा सांगतो ते कशाच्या तुलनेत किती चांगलं आहे. आणि ही तुलना कोणाच्या पट्टीनं केली, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं.

२००६ सालची समीक्षकाची पट्टी कशी तयार झाली होती? तो वर्षाला कितीतरी गेम खेळतो. त्याचा वाचकही नेहमी खेळणारा. गेम घेताना त्या वाचकाचे प्रश्न ठरलेले: किती तास चालेल, चित्र कसं आहे, अवघड किती आहे, मित्राशी ऑनलाइन खेळता येईल का. हे प्रश्न योग्यच आहेत. त्या गिऱ्हाइकासाठी ७६ हा आकडाही योग्यच आहे. त्याला 'झेल्डा' जास्त आवडणार, यात शंकाच नाही.

पण निन्टेंडोनं 'वी स्पोर्ट्स' त्याच्यासाठी बनवलाच नव्हता. तो बनवला होता त्याच्या आईसाठी, आजोबांसाठी, शेजारून सहज डोकावलेल्या माणसासाठी. ज्या माणसानं आजवर एकही गेम विकत घेतला नाही, त्याची पट्टी काय असते? "मला जमेल का? चार लोकांत हसं तर होणार नाही ना? किती वेळात समजेल?" या प्रश्नांना मेटाक्रिटिकच्या आकड्यात रकानाच नाही.

२००७च्या सुरुवातीला शिकागोजवळच्या एका वृद्धनिवासातली बातमी अमेरिकेत गाजली. तिथली वयस्कर मंडळी 'वी स्पोर्ट्स'चं बोलिंग खेळत होती, स्पर्धा भरवत होती. पुढे अमेरिकेत अशा ज्येष्ठांच्या बोलिंग लीगसुद्धा सुरू झाल्या. ज्यांना खरा जड चेंडू आता उचलत नाही, त्यांना हातात हलका रिमोट धरून बोलिंगची तीच लय परत मिळाली. आता त्या आजींना विचारा, "गोल्फला नऊच होल आहेत, तुमचा काय अनुभव?" त्या तुमच्याकडे बघत राहतील.

समीक्षकांतही सगळे एका सुरात नव्हते, हेही सांगायला हवं. 'टाइम' मासिकानं २००६च्या गेमच्या यादीत 'वी स्पोर्ट्स'ला पहिला नंबर दिला. ते मासिक फक्त गेम खेळणाऱ्यांचं नव्हतं, घरातल्या सगळ्यांचं होतं. पट्टी बदलली, क्रमांक बदलला. २००७मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा व्हिडिओ गेम पुरस्कारांत नावीन्य, मल्टिप्लेअर, क्रीडा अशा अनेक विभागांत तो जिंकला. आणि २०२३ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' संग्रहालयानं त्याला वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

खपाचा आकडा ८ कोटी २९ लाख. 'वी' मशिन विकली गेली १० कोटी १६ लाख.

थांबा, टाळ्या वाजवू नका

बरेच मोटिव्हेशनल स्पीकर इथेच गोष्ट संपवतात. "बघा, समीक्षक म्हणाले ७६ आणि विकले ८ कोटी! म्हणून रिव्ह्यू वाचूच नका!" टाळ्या. पण तुम्ही धंदा करायला निघालात, तुम्ही एवढ्यावर थांबू नका. आकडा बघितला की तो कसा तयार झाला ते विचारायचं.

८ कोटी २९ लाखांपैकी बहुतेक प्रती मशिनसोबत खोक्यातून गेल्या. ज्यानं मशिन घेतलं त्याच्या घरी गेम आपोआप आला. दिवाळीत साडीवर मोफत मिळालेली पिशवी किती गेली, यावरून पिशवी लोकांना आवडली असं सिद्ध होत नाही.

निन्टेंडोचंच दुसरं उदाहरण घ्या. 'वी प्ले' नावाचा गेम होता. त्याला मेटाक्रिटिकवर ५८. समीक्षकांनी त्याची बऱ्यापैकी धुलाई केली. तरी तो २ कोटी ८० लाख विकला गेला. कारण? त्याच्यासोबत एक जादा रिमोट यायचा. अमेरिकेत नुसता रिमोट ४० डॉलर आणि रिमोटसह 'वी प्ले' ५० डॉलर. दुसरा रिमोट तर घ्यायचाच होता, मग दहा डॉलर टाकून गेमही घेतला. लोकांनी रिमोट घेतला, आकडा गेमच्या नावावर पडला.

मग 'वी स्पोर्ट्स'चंही तसंच होतं का? याचं उत्तर जपानमध्ये सापडतं. जपानमध्ये हा गेम खोक्यात नव्हता, वेगळा ४,८०० येन देऊन घ्यावा लागायचा. तिथे त्याच्या ३५ लाखांहून जास्त प्रती गेल्या. 'वी'साठी जपानमध्ये सगळ्यात जास्त खपलेल्या गेमांत त्याची गणना होते. म्हणजे खिशातून वेगळे पैसे काढायची वेळ आली तरी लोकांनी काढले. पण मशिन घेणाऱ्या प्रत्येकानं नाही काढले, हेही तितकंच खरं. आपल्यासाठी खरा पुरावा हा आहे. ८ कोटींचा आकडा भारदस्त आहे, ३५ लाखांचा आकडा प्रामाणिक आहे.

तुमच्याकडेही हे दोन आकडे असतात. ऑफरमध्ये, कॉम्बोमध्ये, ओळखीत गेलेला माल वेगळा मोजा. पूर्ण किंमत देऊन, ओळख नसताना, दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकानं घेतलेला माल वेगळा मोजा. दुसरा आकडा छोटा असेल, पण पुढचं कर्ज काढायचं की नाही हे त्याच्यावर ठरवा.

खोक्यात गेम द्यायचा की नाही यावर निन्टेंडोतही वाद झाला होता. अमेरिकेतले प्रमुख रेजी फिस-एमे यांनी २०२२च्या आपल्या पुस्तकात तो सांगितलाय. त्यांचा आग्रह होता की गेम मशिनसोबत द्यावा. शिगेरू मियामोतो हे निन्टेंडोचे सगळ्यात मोठे गेम डिझायनर, त्यांना आपलं काम फुकट वाटणं पटत नव्हतं. दोघांच्याही बाजूत दम होता. कारागिराला वाटतं, फुकट दिलं की किंमत राहत नाही. विकणाऱ्याला वाटतं, हातात दिल्याशिवाय कळणारच नाही. शेवटी जपानमध्ये वेगळा, अमेरिकेत सोबत, असा तोडगा निघाला. अमेरिकेत गेमनं मशिनच्या जाहिरातीचं काम केलं. एका घरात पाहुणे खेळून जायचे आणि स्वतःसाठी मशिन शोधायला बाहेर पडायचे.

आता मुख्य काम: तक्रारींचे तीन ढीग

इथून पुढचं वही घेऊन वाचा. 'वी स्पोर्ट्स'ला आलेल्या तक्रारींचे तीन ढीग करता येतात, आणि निन्टेंडोनं प्रत्येक ढिगाला वेगळं उत्तर दिलं.

*पहिला ढीग: कोणाला इजा होईल अशी तक्रार.*

लोक जोशात हात फिरवायचे, घामानं रिमोट सुटायचा आणि टीव्हीवर नाहीतर शेजारच्याच्या डोक्यावर आदळायचा. रिमोटला मनगटात अडकवायची दोरी होती, पण ती तुटायची. ७६ या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही. ती घरांमधून आली. निन्टेंडोनं डिसेंबर २००६मध्ये, म्हणजे गेम येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, जाड दोरी मोफत बदलून द्यायची घोषणा केली. ३२ लाखांच्या आसपास दोऱ्यांचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रिमोटला घालायचं रबरासारखं कव्हरही मोफत दिलं.

या ढिगाला नियम एकच: तक्रार कोणी केली, किती जणांनी केली, हे विचारायचं नाही. एकच आली तरी त्याच दिवशी हात घालायचा. खाण्याचा पदार्थ, लहान मुलांचं खेळणं, विजेची वस्तू यांत कोणी "त्रास झाला" म्हटलं, तर तो रिव्ह्यू राहत नाही, तो इशारा होतो.

*दुसरा ढीग: आपल्याच गिऱ्हाइकाला उद्या जाणवणारी तक्रार.*

"सेन्सर नीट ओळखत नाही", "खेळ कमी आहेत". पहिल्या संध्याकाळी आजोबांना हे जाणवत नाही. पन्नासाव्या संध्याकाळी जाणवतं. समीक्षक खूप खेळलेला असतो, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी दिसतं. म्हणजे या ढिगात समीक्षक तुमचा शत्रू नसतो. तो तुमच्याच गिऱ्हाइकाचा पुढच्या वर्षीचा आवाज असतो.

निन्टेंडोनं हे ऐकलं. २००९मध्ये 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट' आला. पाचाऐवजी बारा खेळ. सोबत 'मोशनप्लस' नावाचा छोटा जोड, रिमोटच्या बुडाला लावायचा. त्यानं मनगट किती वळलं हेही रिमोटला कळायला लागलं. मेटाक्रिटिकवर ८० मिळाले आणि खप ३ कोटी ३१ लाखांच्या आसपास गेला. एक मात्र त्यांनी बदललं नाही. खेळायला लागायला अजूनही एक मिनिटच पुरत होतं.

*तिसरा ढीग: जो आपला गिऱ्हाईक नाही त्याची तक्रार.*

"चित्र साधं आहे." निन्टेंडोनं 'वी'च्या पूर्ण आयुष्यात हाय डेफिनिशन चित्र दिलं नाही. दिलं असतं तर मशिन महाग झालं असतं, आणि ज्याला २५० डॉलरच परवडत होते तो गिऱ्हाईक दारातूनच परतला असता. इथे तक्रार ऐकून घेतली, नोंदवली आणि सोडून दिली.

पण हा ढीग कायमचा बांधून माळ्यावर टाकू नका. दर वर्षी उघडून बघा. 'वी'च्या बाबतीत काय झालं बघा. पुढचं मशिन 'वी यू' २०१२मध्ये आलं. त्यावर २०१३पासून 'वी स्पोर्ट्स क्लब' आला: तेच पाच खेळ, हाय डेफिनिशन चित्र आणि ऑनलाइन खेळायची सोय. २००६च्या यादीतल्या दोन मोठ्या तक्रारी अगदी पूर्ण केल्या! तरी पहिल्यासारखी लाट आली नाही. 'वी यू'चाच खप १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबला. त्याची कारणं बरीच होती, एका गेमवर ते खापर फोडता येत नाही. पण आपल्याला एक गोष्ट नक्की शिकता येते. जुन्या तक्रारींची यादी एकेक करून खोडली म्हणजे नवीन गिऱ्हाईक येतोच असं नाही. २००६मध्ये जो माणूस पहिल्यांदा गेमकडे आला होता, तो २०१३मध्ये काय करतोय, हे वेगळं जाऊन बघावं लागतं. तोपर्यंत त्याच्या खिशात स्मार्टफोन आलेला होता.

हे तुमच्या धंद्यात कसं करायचं?

समजा तुम्ही कमी तिखटाचा घरगुती मसाला विकता. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असलेल्या घरांसाठी. ऑनलाइन रेटिंग ३.८. रिव्ह्यू काढा आणि ढीग करा.

"पाकीट फुटलेलं आलं, आत किडा दिसला." पहिला ढीग. आज, आत्ता. ती बॅच थांबवा, पैसे परत करा, पॅकिंग बदला.

"पहिल्या महिन्यात वास छान होता, नंतर उडाला." दुसरा ढीग. हा तुमचाच गिऱ्हाईक आहे, त्यानं मसाला महिनाभर वापरलाय. छोटं पाकीट काढायचं की झिपवालं, याचा विचार करा. पुढची बॅच यायच्या आत.

"अजिबात तिखट नाही, पैसे वाया." तिसरा ढीग. त्याला कांदा-लसूण मसाला हवा होता. त्याच्यासाठी तिखट वाढवलं तर ज्या घरासाठी मसाला केला ते घर जाईल. इथे मसाला बदलायचा नाही, पाकिटावरचं नाव बदलायचं. 'कमी तिखट' हे शब्द समोर, मोठ्या अक्षरांत. म्हणजे चुकीचा गिऱ्हाईक घेणारच नाही आणि एक स्टारही देणार नाही.

बघा, तिन्ही रिव्ह्यूंना एकेकच स्टार असेल. सरासरीत तिघांचं वजन सारखं. पण काम तीन वेगवेगळी. म्हणून म्हणतो, आकडा बघून निर्णय घेऊ नका, मजकूर वाचून घ्या.

प्रत्येक रिव्ह्यूला हे तीन प्रश्न विचारा:

१. हा माणूस मी ज्याच्यासाठी माल बनवला तो आहे का?
२. त्यानं माझ्या मालाची तुलना कशाशी केली?
३. हे त्याला पहिल्या दिवशी वाटलं, की वापरून वापरून वाटलं?

आणि एक चौथं काम, जे रिव्ह्यू वाचून होत नाही. ज्यानं तुमची वस्तू आयुष्यात कधी वापरली नाही अशा माणसाच्या हातात ती द्या आणि गप्प बसा. काही समजावू नका. किती वेळात त्याला जमतं ते घड्याळात बघा. 'वी स्पोर्ट्स'ची सगळी ताकद त्या पहिल्या मिनिटात होती.

शेवटची सूचना, आणि ही कडू आहे

हा लेख वाचून काही जण उद्यापासून म्हणतील, "आपल्याला वाईट रिव्ह्यू आले? ते आपले गिऱ्हाईकच नाहीत!" तिसरा ढीग फार मोहाचा आहे. नको असलेली प्रत्येक तक्रार त्यात ढकलता येते.

म्हणून निन्टेंडोचा क्रम तारखांसकट लक्षात ठेवा. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी हा रिमोट पहिल्यांदा दाखवला सप्टेंबर २००५मध्ये, टोकियो गेम शोमध्ये. तेव्हा दाखवलेल्या व्हिडिओत गेमचा पडदा जवळपास नव्हताच. दिसत होती माणसं. तरुण, वयस्कर, जोडपी, घरातली मंडळी, हातात रिमोट घेऊन हात फिरवणारी. म्हणजे गेम बाजारात यायच्या वर्षभर आधी, एकही रिव्ह्यू आला नव्हता तेव्हा, आपला गिऱ्हाईक कोण हे त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं होतं. ७६ गुण मिळाल्यावर शोधलेली ती पळवाट नव्हती.

तुम्ही तुमचा गिऱ्हाईक माल बाजारात न्यायच्या आधी कागदावर लिहिलाय का? वय, घर, खिसा, त्याची अडचण? लिहिला असेल तरच तुम्हाला तिसरा ढीग करायचा हक्क आहे. नसेल लिहिला, तर तुमच्यासाठी सध्या दोनच ढीग: आज दुरुस्त करायचं आणि उद्या दुरुस्त करायचं.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. शेवटचे दहा रिव्ह्यू घ्या. ऑनलाइन नसतील तर दहा गिऱ्हाइकांना फोन करा. वहीत तीन रकाने आखा आणि एकेक तक्रार कुठे जाते ते लिहा. स्टार लिहू नका, फक्त शब्द लिहा. रकाना भरताना जिथे हात अडेल, तिथे तुमचा गिऱ्हाईक कोण हे अजून ठरलेलं नाही असं समजा, आणि आधी ते ठरवायला बसा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.